तीन मिनिटांत बसवलेला मुलगा

माझ्या वहिनीचं अल्टरेशनचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली आहे. दुकान आपलं म्हणण्यापुरतं. एक मशीन, एक स्टूल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या लोकांच्या पॅन्टी, आणि ताठ उभं राहिलं तर टाळक्यात बसणारी जिन्याची पायरी. नवीन कपडा ती शिवत नाही. कुणाची कंबर सैल कर, कुणाची चेन बदल, कुणाची बाही आखूड कर, हे तिचं काम. या बाईने देशाच्या राज्यघटनेत एक वाक्य घातलं असं मी सांगितलं की लोक हसतात. हसेनात का. ते वाक्य छापायला जाण्याआधी मी स्वतः तपासलंय. मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक आहे, आणि त्या वाक्यात एकही चूक नाही.

वहिनीचा मुलगा, माझा एकुलता एक पुतण्या, अंगाने इतका बारीक की सगळे त्याला काडीच म्हणायचे. दमा लहानपणापासूनचा. खिशात औषधाचा पंप नाही असा मी त्याला कधी बघितला नाही. पाणी शुद्ध करायची यंत्रं दुरुस्त करत तो घरोघर फिरायचा. एकदा अशाच एका बंद पडलेल्या यंत्रासाठी गेला आणि नेमकी त्याच गल्लीत मारामारी झाली. पोलिसांनी समोर दिसतील ती अकरा माणसं उचलली. ठाण्यात नियमाप्रमाणे सगळ्यांचे खिसे रिकामे करून घेतले. पट्टा, किल्ल्या, फोन, आणि पंप. सगळं एका ट्रेमध्ये ठेवलं, यादी केली, यादीवर सही घेतली. पुढे काडीला धाप लागली तेव्हा त्याने पंप मागितला. चारदा मागितला, असं त्याच्याबरोबरची माणसं सांगतात. साहेब आल्यावर बघू, असं उत्तर मिळालं. साहेब सकाळी आले. तोवर काडी संपला होता. बावीस वर्षांचा होता.

चौकशी झाली आणि त्यातून निघालं काय, तर सगळं नियमाप्रमाणे झालं, कोणाचीही चूक नाही. माझं डोकंच फिरलं. मी त्या अहवालावर वाटेल ते बोललो, ओळखीच्यांना बोललो, अनोळखींनाही बोललो. वहिनी मशीनवर बसून ऐकत होती.

"भावोजी," ती म्हणाली, "माणसांची चूक नाही तर नियमाची असेल. नियम कुठे बदलतात?"

याचं उत्तर वहिनीच्याच एका गिऱ्हाइकाकडून मिळालं. मानवी हक्कांच्या संघटनेत काम करणारी एक वकीलबाई तिच्याकडे कपडे टाकायची. तिने सांगितलं की नवीन राज्यघटनेचा मसुदा तयार होतोय, समिती सात शहरांत जनसुनावणी घेणार आहे, आणि तिथे कोणीही नाव नोंदवून बोलू शकतं. ठाण्यातले नियम शेकडो असतात, ते एकेक करून बदलत बसण्यात जन्म जाईल, पण घटनेत एक ओळ आली की सगळ्यांना झक मारत वाकावं लागतं. अट एकच. प्रत्येकाला तीन मिनिटं.

पहिल्या शहरात वहिनीबरोबर मी गेलो. माझा भाऊ, म्हणजे काडीचा बाप, सिटी बसवर ड्रायव्हर. तो काही आला नाही. मोठं सभागृह, टोकन नंबर, समोर समिती. बोलणाऱ्याच्या पुढ्यात एक दिवा. तो लाल झाला की माइक आपोआप बंद. वहिनीने अकरा पानं लिहून नेली होती. "काडी सातव्या महिन्यात झाला," इथून तिने सुरुवात केली. मग बालवाडी, पहिली, दुसरी, खडूच्या धुळीने त्याला खोकला यायचा म्हणून बाईंनी मागच्या बाकावर बसवलेलं, ते सगळं. दिवा पिवळा झाला, लाल झाला, माइक गेला. ती बोलतच होती, पण ऐकू कोणालाच येत नव्हतं. पुढच्या टोकनचा पुकारा झाला.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "मी कुठपर्यंत पोचले होते?"

"तिसरीपर्यंत."

"म्हणजे अजून चांगला जिवंतच होता," ती म्हणाली.

पुढच्याच रविवारी मी लाल पेन घेऊन त्यांच्या घरी बसलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मजकुराला कात्री लावत आलोय. जागा एवढी, मजकूर तेवढा, मग काय ठेवायचं नि काय उडवायचं हे मला कळतं, निदान अशी माझी घमेंड होती. म्हटलं, जन्म काढ. वहिनी म्हणाली, जन्म काढून कसं चालेल, जन्मलाच नाही तर मेला कसा? मी म्हटलं, समितीला त्याच्या जन्माशी काय करायचंय, पंपाचं तेवढं त्यांच्या कानावर जायला हवं. एकेका ओळीवरून आमची हुज्जत चालायची. ती अडून बसायची, मी आवाज चढवायचो, आणि शेवटी तीच नमतं घ्यायची. शाळा गेली. मित्र गेले. पहिल्या पगाराचे त्याने तिच्यासाठी आणलेले बूट, दोन नंबर मोठे, तेही गेले. एकदा भाऊ आतून बाहेर आला, ड्युटीचा शर्ट घातलेला, आणि म्हणाला, "अजून किती कापणार आहेस त्याला?" मी फाडकन म्हणालो, तुला एवढं कळतंय तर तू जा बोलायला. तो तसाच कामावर गेला. ते बोलणं मला आजही डाचतं.

दुसऱ्या शहरात ती ठाण्याच्या दारापर्यंत पोचली. तिसऱ्या शहरात ट्रेपर्यंत. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाठांतर सुरू केलं. मशीन चालवता चालवता पुटपुटायची. कुठे श्वास घ्यायचा, "चारदा" या शब्दावर किती थांबायचं, हे मी पेन्सिलने खुणा करून दिलं. रोजची गिऱ्हाइकं दाराशी उभी राहून वेळ लावायची आणि सांगायची, आज पाच सेकंद जास्त झाले. अकरा पानांचं एक पान झालं. सहाव्या शहरात दिवा लाल व्हायला दहा सेकंद बाकी असताना वहिनी थांबली. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय?

"खिसे रिकामे करा," वहिनी म्हणाली, "पण औषध सोडा."

सातव्या शहरात समितीनेच तिला बोलावून घेतलं.

पुढे मसुदा आला, त्यावर मतदान झालं, आणि एक दिवस छापखान्यात माझ्याच टेबलावर ते पान येऊन पडलं. "अटकेतील कोणत्याही व्यक्तीला तिच्या जिवासाठी आवश्यक असलेल्या औषधापासून वा उपकरणापासून कोणत्याही नियमान्वये दूर ठेवता येणार नाही." ओळीखाली पट्टी धरून मी ते अक्षर अक्षर तपासलं. मग संडासात जाऊन रडलो. अभिमानाने रडलो, खोटं कशाला बोलू. वाटलं, मी कापलं म्हणून हे झालं.

वहिनीला मग कॉलेजांत बोलावू लागले, रेडिओवर बोलावलं. ती जायची आणि तीच तीन मिनिटं म्हणायची. त्याच जागी श्वास, त्याच जागी थांबणं. घरी कोणी भेटायला आलं, काडीचा विषय निघाला, तरी तेच. सुरू व्हायची, संपायची, आणि चहा टाकायला उठायची. भाऊ मला एकदा म्हणाला की ती आता पोराबद्दल बोलत नाही, पोराला पाढ्यासारखं म्हणून दाखवते. बापाचं दुःख कडवट असतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

गेल्या महिन्यात संघटनेने काडीवर छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. पंपाचं सगळ्यांना ठाऊक आहे, तो मुलगा कसा होता ते लिहा, असं वकीलबाईने सांगितलं. मी भर दुपारी कोरे कागद घेऊन जिन्याखाली जाऊन बसलो. म्हटलं, वहिनी, आता दिवा नाही, माइक नाही, हवं तेवढं सांग.

तिने मशीन थांबवलं, पाठ ताठ केली. "अध्यक्ष महोदय, माझा मुलगा बावीस वर्षांचा होता," तिने सुरुवात केली. मी अडवणार होतो, पण अडवलं नाही. "पण औषध सोडा," इथे येऊन ती थांबली.

"हे आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "याच्या आधीचं सांग. तो घरी कसा असायचा ते."

तिने मांडीवरची पॅन्ट उलटी केली, सुलटी केली.

"भावोजी, मला एवढाच येतो."

घाईघाईने मी म्हणालो, अगं, तो दुकानात यायचा आणि कपड्यांना टाचलेल्या तुझ्या चिठ्ठ्या बातम्यांसारख्या वाचायचा ना? आजच्या ठळक बातम्या, बँकेच्या साहेबांची कंबर दोन इंचांनी वाढली, प्रकृती स्थिर. आणि तू हसायचीस, तोंडातल्या टाचण्या खाली पडायच्या. तो त्या गोळा करता करता पुढची बातमी द्यायचा. हे त्या अकरा पानांत होतं. चौथ्या पानावर. मीच त्यावर लाल रेघ मारली होती.

वहिनीने सगळं मन लावून ऐकलं, गिऱ्हाइकाचं माप ऐकते तसं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"असं करायचा का तो?" तिने विचारलं.

"करायचा, वहिनी."

"तुम्ही म्हणताय म्हणजे करत असणार."

मग तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, कोरा कागद मशीनवर ठेवला, आणि वर तारीख घातली.

"आणखी काय काय करायचा?" ती म्हणाली. "सावकाश सांगा. मी लिहून घेते."