वीस मीटर खालचं गवत

सगळे तिला दगडबाई म्हणत आणि तिला ते आवडायचंही. पुलाचा भार जमिनीखालचा खडक पेलेल की नाही, हे सांगणं तिचं काम.

त्या सकाळी पुलाच्या कामाचे साहेब डोक्याला हात लावून बसले होते. मधल्या खांबाच्या जागी यंत्राने वीस मीटर खोल भोक पाडून काढलेले माती-खडकाचे नमुने लाकडी पेटीत ओळीने मांडले होते. वर कठीण खडक आणि वीस मीटर खाली नुसता भुसभुशीत मुरूम!

“पुलाची जागाच बदलावी लागणार,” साहेब म्हणाले.

तिने तळाचा तुकडा उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि एकदम ओरडलीच, “अहो, इकडे या! हे गवताचं मूळ! वीस मीटर खाली गवत कुणी लावलं?”

यंत्र चालवणाऱ्या काकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी पेटी उलट्या टोकाकडून भरली होती. म्हणजे मुरूम वर आणि पक्का खडक खाली!

“सुटलो बुवा! करा अहवालावर सही,” साहेब म्हणाले.

“सही? आधी शेजारी दुसरं भोक पाडा. माझ्यासमोर.”

“बाई, आता तरी विश्वास ठेवा,” काका कळवळले.

“ठेवलाय की, त्या मुळावर,” म्हणत ती यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसलीसुद्धा.