एरंडेल पाजलेले बूट

निघायच्या आदल्या दिवशी माझे बूट पत्र्यावर सापडले. भर उन्हात, पालथे, एरंडेल तेलानं निथळत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोरहून पायी निघायचं होतं. वरंधा घाट उतरून चौथ्या दिवशी महाडला, सत्याग्रहाच्या तळ्यावर. ओळखीतली पंचवीस-तीस माणसं दर मार्चमध्ये जातात. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा गेले आणि दुसऱ्याच दिवशी, घाट लागायच्या आधीच, फोडांनी हैराण होऊन सामानाच्या टेम्पोत चढले. तेव्हापासून आमच्या गावात, मार्गासनीत, माझं नाव ‘टेम्पोवाली’. नळावर, दुकानात, लग्नात, जिथं जाईन तिथं. म्हणून यंदा मी चालायचे खास बूट घेतले आणि महिनाभर पहाटे उठून ते पायात रुळवले. यंदा पोचले नाही तर पुन्हा महाडच्या वाटेचं नाव काढायचं नाही, असं स्वतःला बजावून ठेवलं होतं.

तसा तो दिवस सकाळपासूनच माझ्या मुळावर उठला होता. नवरा दर पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून ओरडत होता, चहापावडर कुठं आहे, मीठ कुठं आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, डबे तेव्हापासून त्याच फळीवर आहेत. नणंद पिशवीभर शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. ते पाठीवर वाहणार कोण, असं विचारलं तर म्हणाली, “अगं, टेम्पो असतोय की संगं.” मी पिशवी घेऊन कोपऱ्यात ठेवली. बोलले असते तर तिनं लाडू परत नेले असते आणि जन्मभर ते सांगितलं असतं.

मग बूट भरायला गेले तर बूट जागेवर नाहीत. सासूबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या.

“आत्या, माझे बूट बगितले का?”

“पत्र्यावर हायेत. कालपासनं तेल पाजतीया त्यास्नी.”

आमच्याकडे नव्या वहाणांना एरंडेल पाजून उन्हात ठेवतात. कातडं मऊ पडतं, मग वहाण चावत नाही. सासूबाईंनी उभा जन्म तसल्याच वहाणा झिजवल्या. पण माझे बूट कातड्याचे नव्हते. जाळीच्या कापडानं आणि आतल्या स्पंजानं मिळेल तेवढं तेल पिऊन घेतलं होतं, आणि तापल्या पत्र्यावर उजव्या बुटाचा डिंक सुटून तळवा पुढून आ वासून बसला होता.

“आत्या, हे चामड्याचं न्हाईत. कापडाचं हायेत.”

“कापडाचं कुणी बूट करतं व्हय?” म्हणत त्या उठल्या आणि पोती शिवायचं दाभण घेऊन आल्या. “आण हिकडं, टाकं घालते.”

“ऱ्हाऊ द्या आता. लई झालं तुमचं.”

सव्वीस वर्षांत त्यांच्याशी मी असं बोलले नव्हते. मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. बूट घेऊन मी मागच्या मोरीत गेले आणि धुण्याची पावडर टाकून घासत बसले. तीनदा धुतले तरी बोट लावलं की तेल वर येत होतं. जुन्या चपलांवर घाट उतरायची माझी हिंमत नव्हती. नवऱ्याला हाक मारून सांगितलं, फोन करा, मी येत नाही म्हणावं. तो नेमका तेवढं ऐकून चपळाईनं फोन शोधायला लागला.

तेवढ्यात पुढच्या दारी शेजारीण आली. मी मागं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

“आत्याबाई,” ती सासूबाईंना म्हणाली, “औंदा तरी फोन करून सुनंला माघारी बोलवू नका. गेल्या साली बरी चालली हुती, तुमीच नळावर सांगितलंसा ना, ‘मला बरं न्हाई म्हणून मीच फोन करून तिला टेम्पोत बसायला लावलं.’”

“बगू,” सासूबाई म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायला लागल्या.

मी घासणी खाली ठेवली. गेल्या वर्षी मला कुणाचाही फोन आला नव्हता. सासूबाईंना मोबाईल लावता येत नाही, आलेला उचलताना सुद्धा तो बंद होतो. घरी आले तेव्हा त्यांनी माझे पाय मांडीवर घेऊन फोडांना हळद लावली होती आणि एक शब्द विचारला नव्हता. वर्षभर लोक मला टेम्पोवाली म्हणत राहिले, आणि ही बाई नळावर उभी राहून माझं हसं आपल्या अंगावर घेत होती. मला आधी रागच आला. हे मला का सांगितलं नाही? मग पत्र्यावर चढवलेले बूट आठवले आणि मी उठले.

नवऱ्याला म्हटलं, फोन ठेवा. शेजारीण गेल्यावर बूट घेऊन पुढं आले आणि दोन्ही सासूबाईंच्या पुढ्यात ठेवले.

“आत्या, टाकं घाला. डाव्यालापण.”

त्यांनी बूट उचलला, उलटा केला, बोटं साडीला पुसली.

“आदी नीट पुसून आण,” त्या म्हणाल्या. “दाभण घसरतंय.”