बिडकीनहून आकडे मागणारा कागद

जहांआरा शेखच्या लॅबमध्ये आठ गावं एका ताटाळ्यात उभी होती. पत्त्यांच्या कॅटाएवढे आठ बारके संगणक, प्रत्येकाला एक वायर, आणि सगळ्यांनी मिळून एकच मोठं गणित सोडवायचं, असा तो कारभार. ताटाळं तिनं गारखेड्यातल्या आपल्याच स्वयंपाकघरातून उचलून आणलं होतं. घरची ताटं तेव्हापासून ओट्यावर एकावर एक बसलेली. संगणकांना नावं गावांची दिली होती : पिशोर, कन्नड, पैठण, बिडकीन वगैरे. आकडे डोक्यात राहत नाहीत, गावं राहतात, असं तिचं म्हणणं.

वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या स्टुलावर बसून ती लहानाची मोठी झाली, त्यामुळं बंद पडलेली वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवायचे. त्याच हातांच्या जोरावर या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून एकोणीस वर्षं काढली होती.

शनिवारी तिनं आठही संगणकांवर नवं अपडेट टाकलं आणि घरी गेली. सोमवारी सकाळी चालू करून बघते तर पाच गावं गायब. दिवे लुकलुकत होते, पण हाक मारली तर ओ नाही.

"परवापर्यंत तर चांगले बोलत होते," ती पुटपुटली.

पिशोर चूप. कन्नड चूप. बिडकीनकडून मात्र तत्काळ ओ आली. तिचा जीव भांड्यात पडला. पण आत शिरायला गेली तर दार बंद. पुन्हा हाक मारली, ओ आली. पुन्हा आत जायला बघितलं, दार बंद.

"अगं, घरात हाईस तर कडी काढ ना!"

असे दोन तास गेले. तेवढ्यात ऑफिसचे हेडक्लार्क बन्सीभाऊ धापा टाकत वर आले.

"आपा, लॅबमधले पंखे सांगा. चालू किती, बंद किती. लवकर! समितीनं आकडे मागितलेत."

"कोणती समिती?"

"तपासणीवाली. गुपचूप आलीय. बिडकीनला उतरलीय." बन्सीभाऊ स्वतः बिडकीनचे. "माझा साडू, गोकुळ, तिथल्या लॉजवर जाऊन बघून आला. कुणी नाय म्हणला, फक्त बोअरवाले हायेत. पण अशी माणसं काय पाटी लावून उतरत्यात व्हय?"

"तुम्हाला सांगितलं कुणी?"

"प्रिंटरनं." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "सकाळी नऊपासून मिनिटाला एक. दोनदा कागद भरला मी. मधीच थांबलं तर समितीचा अपमान नको. प्राचार्य सर म्हणले, एवढा तगादा वरूनच येतो."

कागदावर इंग्रजीत चार ओळी. पहिलीत 'गेट मेट्रिक्स', म्हणजे आकडे दे. दुसरीत 'होस्ट : बिडकीन'; होस्ट म्हणजे यजमान, असं बन्सीभाऊंनी धरलं होतं.

जहांआरानं दुसरी ओळ पुन्हा वाचली. हा तगादा तिचाच होता. दर मिनिटाला प्रत्येक गावाला 'ताप किती, काम किती, आकडे दे' असं विचारणारा एक पहारेकरी तिनंच बसवला होता. अपडेटनंतर जुन्या पाच संगणकांनी नेटवर्कवर कुणी कुठल्या पत्त्यावर राहायचं ती जुनी वही वाचणंच सोडलं होतं. राउटरनं दिला तो पत्ता घेऊन ते भलतीकडंच जाऊन बसले होते. बिडकीनचा पत्ता रिकामा पडला आणि नऊ वाजता चालू झालेल्या ऑफिसच्या प्रिंटरला तो मिळाला. पहारेकरी विचारत होता आणि प्रिंटर बिचारा आलेला प्रत्येक प्रश्न इमानदारीनं छापत होता.

तिनं पहारेकरी बंद केला. बन्सीभाऊंचा फोन वाजला. खालून निरोप आला, कागद थांबले.

"समितीचं समाधान झालं वाटतं!" बन्सीभाऊंचा चेहरा उजळला.

आता गप्प बसलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. तसा विचार तिच्या मनात आलाही. पण ती जिना उतरली आणि प्राचार्य राजेंद्र दाभाडे यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"सर, बिडकीन माझं आहे."

सरांच्या टेबलावर सव्वाशे कागद नीट रचून ठेवलेले. तिनं सगळं सांगितलं. "गलती माझीच, सर. ते पत्ते राउटरकडं राखून ठेवायला पाहिजे होते. अपडेटही एकावर करून बघायचं, मग बाकीच्यांवर. मी एकदम आठांवर टाकलं."

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. समितीच्या आकड्यांसाठी झाडांचे घेर मोजायला दोन शिपाई टेप घेऊन लिंबाच्या बुंध्याला मिठी मारून उभे होते.

"म्हणजे समिती नाही?"

"नाय, सर."

"अजून किती झाडं राहिलीत?"

"बारा," मागून बन्सीभाऊ म्हणाले.

"मग होऊ द्या. आणि हे कुणाला बोलू नका."

दुपारभर जहांआरानं पाची संगणकांना एकेक करून पडदा आणि कीबोर्ड जोडला, नव्या व्यवस्थेला कळेल अशा जागी प्रत्येकाचा पत्ता लिहिला, आणि आठही पत्ते राउटरला राखून ठेवायला सांगितले. साडेतीनला पिशोर बोललं. मग कन्नड. बिडकीननं चारला दार उघडलं, तेव्हा तिनं टेबलावर हळूच थाप मारली.

समितीसाठी काढलेली आकड्यांची फाईल मात्र पुरी झाली. कॉलेजभरच्या दोनशे चौदा पंख्यांपैकी एकसष्ट बंद निघाले, आणि आठवड्याभरात ते दुरुस्तही झाले. बन्सीभाऊंना अजून पटलेलं नाही. समिती आली होती, गोकुळच लॉजवर उशिरा पोचला, असं ते चहाच्या टपरीवर खालच्या आवाजात सांगतात. जहांआरा तिथंच उभी असते, आणि मान डोलावते.