बावीस नव्हे, अठरा

अकरावीत असताना मी आमच्या शहरातल्या गोरखपूर भागात एका कोचिंग क्लासला जायचे. तिथे सगळं हिंदीत चालायचं. मराठी फक्त दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी. रसायनशास्त्राचे सर मनापासून शिकवायचे, पण त्यांना कोणी उलट बोललेलं खपत नसे.

एका टेस्टमध्ये कॅल्शियम आयनातले प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन विचारले होते. अणुक्रमांक वीस, वस्तुमानांक चाळीस, भार अधिक दोन. मी वीस, वीस, अठरा लिहिलं. सरांच्या हिशेबाने इलेक्ट्रॉन बावीस, म्हणून माझ्या उत्तरावर फुली. मी उभी राहून विचारलं, तर म्हणाले, प्लस म्हणजे जोडायचं, इतकंही कळत नाही? वर्ग हसला.

मी बसले नाही. सरळ फळ्यापाशी गेले आणि लिहून सांगितलं, इलेक्ट्रॉनवर ऋण भार असतो. दोन निघून गेले म्हणूनच अधिक दोन उरलं. बावीस असते तर उणे दोन झालं असतं. प्रोटॉन मात्र वीसच राहणार, ते बदलले तर तो कॅल्शियमच राहत नाही. हसणं थांबलं. सरांनी फळा पुसला. उद्या वडिलांना आण, माफी माग, मगच वर्गात बस, म्हणाले.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. साहेबांशी वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"काहून भांडून राहिली? सॉरी म्हणून टाक, चलो, खतम," ते म्हणाले.

"चूक असती तर म्हटलं असतं, बाबा. अठराच आहेत."

मग त्यांनी मला शेजारी बसवून सगळं समजावून घेतलं. भार उणे असला तर कसं, तेही विचारलं. मी क्लोराइडचं सांगितलं, तिथे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा येतो, म्हणून उणे एक.

दुसऱ्या दिवशी सर माफीची वाट बघत होते. माझ्याबरोबर आलेले बाबाच पुढे झाले.

"सर, गलती कहाँ है, वो बता दीजिए. बेटी अभी माफी माँग लेगी."

सरांनी ती दाखवली नाही. ते फक्त म्हणाले, माफी मागायची नसेल तर दुसरा क्लास बघा. आम्ही निघालो. जिन्यात बाबांनी माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.

त्याच आठवड्यात वर्गातल्या दोन मुली आमच्या घरी आल्या. त्यांनीही क्लास सोडला होता. बैठकीत सतरंजी टाकून आम्ही तिघी वर्षभर स्वतःच शिकलो, एकेका उत्तरावरून तावातावाने भांडत.