कोरड्या दोरीची वाटणी

एकोणीसशे चव्वेचाळीस साल. मी तेवीस वर्षांचा होतो आणि गावात माझ्याशी धड बोलणारं एक माणूस नव्हतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. मी दुसरीपर्यंत शिकलो, तेही उर्दू मास्तराच्या छडीखाली, त्यामुळं माझं लिहिणं असं वाकडंतिकडं हाय. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

आमचं गाव गंगेत. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. मानवतच्या खालच्या अंगाला नदी एका ठिकाणी फुटून दोन बाजूंनी वाहते आणि मधे जो उंचवटा उरतो त्यावर आमची घरं. उन्हाळ्यात एक बाजू आटते, मग पायी जा. पण मृग लागल्यापासून थेट संक्रांतीपर्यंत नावेशिवाय गाव सोडता येत नाही. नाव एकच, भोयाची. त्याला प्रत्येक घरानं सुगीला धान्य द्यायचं आणि त्यानं वर्षभर माणसं उतरवायची. गाडी न्यायची असली तर चाकं काढायची, साटा, म्हणजे गाडीचा वरचा सांगाडा, नावेत आडवा टाकायचा आणि बैल पोहवत न्यायचे. सोयरे आले की भिजलेल्या धोतरानंच जेवायला बसायचे. असल्या गावाला कोणी मुलगी देत नसे, म्हणून गावातल्या गावातच सोयरिकी आणि त्यामुळं गावातल्या गावातच भांडणं.

माझं आणि चुलत्याचं त्यातलंच. वडील वारले तेव्हा चुलत्यानं आपल्या मेहुणीची मुलगी मला द्यायचं ठरवलं, मला न विचारता. मी नाही म्हणालो. मुलीत खोट नव्हती, खोट चुलत्यात होती. तिला घरात आणलं असतं तर तिच्या मागोमाग तोही आमच्या घरात शिरला असता. हे मी चावडीवर सगळ्यांसमोर बोललो. तेव्हापासून तो मला पाण्यात पाहू लागला, आणि पाटील त्याच्या बाजूचा, म्हणून गावही त्याच्या बाजूचं.

आता जमिनीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उंचवट्यावरची जमीन पट्ट्याची होती, पण मुरमाड. तिच्यात जी ज्वारी व्हायची ती सरकारचे लेव्हीवाले मोजून नेत; तिकडं लढाई चालली होती आणि इकडं आमच्या कणग्या रिकाम्या होत होत्या. खरी जमीन पाण्याखाली. दिवाळीच्या सुमाराला पूर उतरला की काठाला काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडायचा. त्यात हरभरा टाका, वांगी लावा, खरबुजं लावा, नुसतं बोटानं भोक पाडून बी टाकलं तरी येतं. त्या गाळाला पट्टा नाही. दरसाल नदी तो नेते आणि दरसाल दुसरा आणते, तहसीलवाले काय लिहिणार? म्हणून लेव्हीवालाही तिकडं फिरकत नसे. ज्या घराला गाळ मिळाला ते घर जगलं. ज्याला नाही मिळाला त्यानं शिमग्यानंतर दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं.

तो गाळ दोरीनं वाटायचा. अंबाडीची जाड दोरी, मारुतीच्या देवळात आढ्याला टांगलेली. दिवाळीच्या पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी वाटणी. आदल्या संध्याकाळी दोरी दगड बांधून नदीत टाकायची, रात्रभर भिजू द्यायची. मग वरच्या अंगापासून सुरुवात करायची, एका घराला एक दोरी काठ. थोरल्या घराचा वाटा आधी, धाकट्याचा त्याच्या खाली. ज्याचा वाटा त्या घरच्या पुरुषानं दोरीचं टोक स्वतः धरायचं. बाईनं धरलेली दोरी चालत नाही. पुरुष हजर नसला तर त्या साली त्या घराला गाळ नाही, आणि शेवटी तेवढा काठ उरतो तो बाकीच्यांत वाटला जातो. आमचं घर थोरलं. माझ्या आज्यापासून पहिला वाटा आमचा, त्याच्या खाली चुलत्याचा.

त्या साली शनिवारी मी पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन मानवतला गेलो. सोमवारच्या आत परत यायचंच होतं. रात्री तिथंच अडतीच्या ओट्यावर झोपलो, रविवारी उजाडताच मीठ, गूळ आणि मायसाठी एक लुगडं घेऊन निघालो. दुपार कलली तेव्हा गंगेच्या काठाला गाडी लावली आणि पाहिलं तर सगळं गाव पलीकडच्या गाळात उभं. रविवार असून!

नाव पलीकडं बांधलेली. भोई तिच्यावर पाय सोडून बसलेला.

"आरं, नाव आण की!" मी ओरडलो.

"गळायलीय!"

"काल तर न्हवती गळत!"

"काल तू बसलेला व्हतास तिच्यात. तुझ्या भाराला घाबरून गप व्हती!"

गाळातली माणसं हसली. पाण्यावरून हसणं लवकर येतं. मग चुलत्याचा आवाज आला. तो काठावर येऊन, कमरेवर हात ठेवून उभा होता.

"कापूस इकला का रं?"

"काका, दोरी उद्या हाय! आज कुणाला इचारून काढली?"

"पाटलाला इचारून! तू मानवतला शेटजी झालास, तुला कशाला पायजे चिखल?"

"माझा वाटा सोडून मोजा!"

"मानूस कुठाय वाट्यावर? मला तर दिसंना. कोल्ह्यावानी कुणीतरी वरडायलंय पल्याड, एवढंच ऐकू येतंय!"

पुन्हा हसणं. आणि तेव्हा मला खालच्या अंगाला माय दिसली. गाळ जिथं संपतो आणि वाळू लागते तिथं ती एकटी मांडी घालून बसली होती, पदर डोक्यावर ओढून. ना हसत होती ना रडत होती. तिला बघून माझं डोकं फिरलं.

मी बैल सोडले. गाडी तिथंच बाभळीखाली टाकली, मीठ, गूळ, लुगडं सगळं तिच्यात. धोतर सोडून डोक्याला बांधलं आणि लंगोटीवर बैल पाण्यात घातले. मला पोहता बेताचं येत होतं. पण आमच्या गावचे बैल पाण्यातच वाढलेले, आणि बैलाची शेपटी धरली की माणूस बुडत नाही, बैल बुडला तरच बुडतो. मधे धार होती. तिनं आम्हाला ओढत ओढत खाली नेलं. नाकातोंडात पाणी गेलं. पलीकडून कोणीतरी "गेलं, गेलं" म्हणालं, त्यात काळजी नव्हती, नुसतं तमाशा बघणं होतं. मी शेपटी सोडली नाही. धवळ्याचे पाय वाळूला लागले तेव्हा मी मायपासून चार हातांवर होतो.

"आलास?" ती म्हणाली. "बस जरा. ऊर भरलाय तुझा."

मी बसलो नाही. धोतर तसंच डोक्यावर ठेवून मी गाळातून वर गेलो. खुंट्या ठोकून झाल्या होत्या. पहिल्या वाट्यात, म्हणजे आमच्या वाट्यात, चुलत्याची खुंटी. मी ती उपटली आणि पाण्यात भिरकावली.

पाटील पुढं आला. "पोरा, दोरी फिरली. आता पुढल्या साली."

"दिवस कुणी बदलला?"

"गावानं."

"मी गावात न्हाई का?"

"तू तर मानवतात व्हतास की," चुलता म्हणाला. माणसं हसली, पण आता जरा कमी. जवळून बघितलं की नागड्या, भिजलेल्या, रागावलेल्या माणसाला हसणं तितकं सोपं नसतं.

कोणी माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं नव्हतं आणि कोणी बोललंही नाही. एक घर कमी म्हणजे सगळ्यांनाच थोडा थोडा काठ जास्त. त्यात माझ्यासारखं तोंडाळ घर कमी झालं तर कोणाला वाईट वाटणार? मी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. सगळे खाली चिखलाकडं पाहत होते.

तेवढ्यात माय उठली. सकाळपासून बसलेली, गुडघ्यावर हात देत उठली आणि हळूहळू वर आली. बायांनी दोरीजवळ यायचं नसतं, म्हणून थोडी लांबच थांबली.

"पाटील," ती म्हणाली, "मी धरायची गोष्ट करत न्हाई. धरायला पोरगं आलंय माझं. मी नुसतं इचारते. दोरी कवा भिजवली व्हती?"

पाटलानं दोरीकडं पाहिलं.

"काल सांजेला देवळात झाडलोट मीच केली. दोरी आढ्याला व्हती. आज सकाळी भावजींनी काढली. मंग भिजली कवा?"

गावातल्या लहान लेकरालाही ठाऊक होतं की अंबाडीची दोरी कोरडी असली की लांब, भिजली की आखडते. म्हणूनच रात्रभर भिजवायची, म्हणजे सगळ्यांना सारखी. चुलत्यानं आदल्या संध्याकाळी दोरी नदीत टाकली असती तर मायला कळलं असतं आणि तिनं मला माणूस पाठवून बोलावलं असतं. म्हणून त्यानं ती सकाळी कोरडीच काढली आणि कोरडीनंच आपला वाटा पहिला मोजला. मग ती दोरी ओल्या गाळातून ओढत ओढत खाली गेली, आणि दर वाट्याला आखडत गेली. सगळ्यांनी ती हातात धरली होती. माझा वाटा खायच्या घाईत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटचा वाटा एका धनगराचा होता. मेंढरं राखून थोडी शेती करणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं आपली काठी आडवी केली आणि खालून स्वतःचा वाटा मोजला. मग वर येऊन चुलत्याचा मोजला. मोजून झाल्यावर काठी चिखलात रोवली.

"काठीभर जास्त हाय," तो म्हणाला. "माझ्यापरीस काठीभर जास्त."

"तू मेंढरं मोज, जमीन मोजू नको," चुलता म्हणाला.

"मेंढरात तरी चोर ओळखू येतो!"

मग जे पेटलं! शेवटून दुसरा आपला वाटा पावलांनी मोजायला लागला, त्याच्या वरचा त्याच्या मागं. जो तो चुलत्याच्या वाट्याकडं बोट दाखवायला लागला. जी माणसं घटकेपूर्वी मला हसत होती तीच आता चुलत्याच्या अंगावर धावली. एकानं त्याचं पागोटं उडवलं. माझ्यासाठी कोणी उठलं नव्हतं हे मी विसरलेलो नाही. आपापल्या वीतभर चिखलासाठी उठले. पाटील दोन्ही हात वर करून ओरडायला लागला, "आरं थांबा, थांबा! दोरी आत्ता भिजवा. उद्या सोमवार हाय, उद्या पैल्यापासून मोजू. समदे हजर ऱ्हावा."

"आणि माझा वाटा?" मी म्हणालो.

पाटलानं माझ्याकडं न बघता मान हलवली. त्यात माझ्यावर उपकार नव्हता. दोरी पुन्हा फिरायची तर मी हजर होतो, दुसरं काही करता येत नव्हतं.

चुलता पागोटं चिखलातून काढून झटकत होता. मायकडं बघून म्हणाला, "वैनी, तुमी सकाळधरनं हितंच बसल्या व्हत्या. तवाच का न्हाई बोललात?"

"तवा बोलले असते तर तुमी तवाच भिजवली असती," माय म्हणाली. "आन माझं पोरगं यायच्या आत वाटून मोकळे झाला असता."

एवढं बोलून ती घराकडं चालायला लागली. मी आयुष्यात तिचा मोठेपणा कोणासमोर सांगितला नाही, ती असताना तिलाही सांगितला नाही. आमच्यात तसं बोलायची रीत नव्हती.

संध्याकाळी भोई दारात आला. गाडी पलीकडं बाभळीखाली, तिच्यात मीठ. म्हणाला, "चल, गाडी आणू. नाव बुजवलीय."

"राहू दे. मी बैलासंगं जातो, पाठीवर आणतो समदं."

आतून माय म्हणाली, "मीठ भिजलं तर तुझ्या भाकरीला राख लावीन. नावेतून आण."

मग मीठ, गूळ, लुगडं आणि गाडी नावेतून आली. मी मात्र नावेत पाय ठेवला नाही. जातानाही बैलाची शेपटी धरून गेलो आणि येतानाही. भोई नावेतून म्हणत होता, "बस की रं येड्या, थंडी भरंल." मी शेपटी आणखी घट्ट धरली. पुढं सुगीला त्याचं धान्य मी चुकतं केलं, कारण ते त्याचं होतं. पण त्याच्या नावेत मी पुन्हा बसलो ते सहा-सात वर्षांनी, बायकोचे दिवस भरले तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गाळात गेलो. दोरी पाण्यातून काढली तेव्हा तिच्यातून पाणी गळत होतं. पाटलानं वरचं टोक धरलं, खालचं मी धरलं आणि अशी ताणून धरली की पाटील म्हणाला, "तोडतो काय?" खुंटी मी स्वतःच्या हातानं ठोकली. मग बाकीचे वाटे व्हायची वाट न बघता काठावर गेलो, कुऱ्हाडीनं बाभळीच्या फांद्या तोडल्या, आणि माझ्या आणि चुलत्याच्या वाट्याच्या मधे पाण्यापासून थेट उंचवट्यापर्यंत काट्यांचं कुंपण घातलं. गाळात असलं कुंपण कोणी कधी घातलं नव्हतं. नदी पुढच्या साली सगळं घेऊन जाते, कशाला घालतील? पाटील तसं बोललाही. मी हात न थांबवता म्हणालो, "पुढच्या साली पुन्हा घालीन," आणि पुढची फांदी ओढली.