गुरुवारची फरसबी

मिस लोरेनने वाढलेल्या प्रत्येक ताटाच्या कडेला खडूचा एक पांढरा अंगठा उमटलेला असे. कारण तिचा उजवा हात सकाळपासून फळ्यावर चाललेला असायचा. कोर्टासमोरच्या चौकात तिचं आणि तिच्या बहिणीचं, व्हर्नाचं, दहा-बारा टेबलांचं कॅफे होतं. व्हर्ना आत रांधायची, लोरेन बाहेर वाढायची. दारातच शाळेतला एक जुना फळा टांगलेला होता. त्याच्या डाव्या अर्ध्यात आजच्या भाज्या आणि उजव्या अर्ध्यात गाव. शनिवारी फायर स्टेशनच्या अंगणात मासे तळणार आहेत, चर्चमध्ये जुने कपडे विकायला काढलेत, अमक्याच्या सुनेला जुळं झालं. गावात एक साप्ताहिकही निघायचं, पण त्यातलं सगळं फळ्यावर वाचून आधीच शिळं झालेलं असे.

आम्ही त्या गावात १९८१ साली गेलो. जॉर्जियातलं, अटलांटापासून अडीच तासांवरचं गाव. नाव सांगत नाही, सांगूनही नकाशात सापडायचं नाही. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, तिथल्या कापडगिरणीत इंजिनिअरची नोकरी लागली होती आणि मी सांगलीहून दोन सुटकेसी, एक कुकर आणि पोटभर रडू घेऊन आले होते. पहिल्याच आठवड्यात, एका गुरुवारी, सुधीरने मला त्या कॅफेत जेवायला नेलं. मी मेन्यू हातात धरून नुसतीच बसले होते. साठीच्या घरातली एक उंच, काटकुळी बाई नर्ससारखे पांढरे बूट वाजवत आली आणि म्हणाली, "विचार ना, हनी. विचारायला पैसे पडत नाहीत."

हे तिचं पालुपद होतं. न्यायाधीश असो की गिरणीतला हमाल, मेन्यूकडे टक लावून बसला की हे वाक्य यायचंच. तिकडे वयाने मोठ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावतात, आपण ताई-काकू लावतो तसं. म्हणून ती मिस लोरेन. मी चाचरत सांगितलं की आम्ही मांस, मासे, अंडी काही खात नाही. ती हसली नाही, काही आजार आहे का असंही तिने विचारलं नाही. मका, रताळं, टोमॅटो आणि फरसबीची एक वाटी असं ताट घेऊन आली. ताट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि फरसबीची वाटी परत उचलली. "आजची फरसबी राहू दे. पुढच्या गुरुवारी ये, तेव्हा खा." मला वाटलं, खाली लागली असेल.

पुढच्या गुरुवारी फरसबी आली. मऊ शिजवलेली, वर बटर आणि मिरपूड. सांगली सोडल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा मागून वाढून घेतलं. मग गुरुवार ठरूनच गेला.

दोन वर्षांनी माझे वडील गेले. मला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू दिलं नाही. आज येत नाही एवढं सांगायला सुधीर कॅफेत गेला, तर लोरेनने त्याच्यापुढे कागद सरकवला. "तिचं नाव नीट लिहून दे. चुकीचं लिहिलेलं मला चालणार नाही." फळ्यावर तिने लिहिलं, 'सुनंदाचे वडील गेले. ती घरी आहे.' संध्याकाळपर्यंत आमच्या दाराशी दहाजणी येऊन गेल्या. एकीचीही माझी ओळख नव्हती, पण प्रत्येकीच्या हातात झाकलेलं भांडं. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारी पिठलं-भात आणतात. तिकडेही तीच रीत, फक्त पिठल्याच्या जागी हॅम. प्रत्येक भांड्याला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलेलं, म्हणजे ते आपापल्या घरी परत जातं. त्यातला एक घासही आम्हाला चालणारा नव्हता आणि मला रडावं की हसावं ते कळेना.

सगळ्यांच्या शेवटी लोरेन आली. भात आणि फरसबी घेऊन. "उपाशी माणसाशी देवाचंही बोलू नये. आधी जेव." मी जेवेपर्यंत ती समोर बसून राहिली. मग म्हणाली, "आता सांग. कसे होते तुझे डॅडी?" तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी दोन तास बोलत होते. दोन महिन्यांनी मृणाल झाली, तेव्हा फळ्याची उजवी बाजू पूर्ण तिची होती. त्या दिवशी त्या गावात दुसरं काही घडलंच नाही.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. १९८५च्या गणपतीत आम्ही अटलांटाला गेलो होतो. तिथे पद्माकाकू भेटल्या. अमेरिकेत बारा वर्षं काढलेल्या, त्यामुळे सर्वज्ञ. मी मोठ्या कौतुकाने गुरुवारच्या जेवणाचं सांगत होते, तोच त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, इकडे साउथमध्ये बेकन घातल्याशिवाय बीन्स शिजवतच नाहीत! डुकराची चरबी असते त्यात. तू चेक नाही केलंस?"

चार वर्षं! आणि गुरुवारी, दत्ताच्या वारी, ज्या दिवशी माहेरी कांदासुद्धा चिरत नसत. मी मोदक तसाच पानात टाकून उठले. परत येताना सुधीर म्हणाला, "अगं, एकदा विचारून तर बघू." मी म्हटलं, "काय विचारायचं? तिने तोंडावर हो म्हटलं तर?" खरं सांगायचं तर तिची चूक झाली असेल असं मला वाटलंच नाही. तिने जाणूनबुजून फसवलं, असंच मी धरून चालले. ज्या बाईने माझं नाव चुकू नये म्हणून कागद पुढे केला, तिच्याबद्दल मी हे धरून चालले. आम्ही गुरुवारी जाणं बंद केलं. कारण सांगितलं नाही, निरोप ठेवला नाही.

डिसेंबरात ख्रिसमसची मिरवणूक होती. त्या गावात अशा वेळी कुणाला टाळणं अशक्य. लोरेन कॅफेच्या पायरीवर उभी राहून मुलांना पेपरमिंट वाटत होती. चोराच्या मनात चांदणं, मी रस्ता ओलांडायला वळले, तोवर मृणाल माझा हात सोडवून तिच्याकडे धावली. "मिस लोरेन! आय वॉन्ट बीन्स!"

"ऐकलंस?" लोरेन हसत मला म्हणाली. "कुठे आहात तुम्ही लोक?"

"सध्या डाएट चालू आहे," मी म्हटलं आणि मृणालला दंडाला धरून मागे ओढलं. पेपरमिंट तिच्या हातातून पडलं.

लोरेनने ते उचललं, एप्रनला पुसलं आणि खिशात टाकलं. जगाला विचारा म्हणून सांगणाऱ्या त्या बाईने मला पुढे काही विचारलं नाही. "बरं, हनी. दार दोन वाजेपर्यंत उघडं असतं," एवढंच म्हणाली.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी सुधीर भरदुपारी गिरणीतून घरी आला. "मिस लोरेन गेली. सकाळी फळा लिहिता लिहिता कोसळली." तो चौकातूनच आला होता. फळ्याची डावी बाजू लिहून झाली होती, उजवी कोरी होती. तिच्या जाण्याची बातमी फळ्यावर कुणी लिहिली नाही. कुणाचा हातच झाला नाही.

दफनानंतर मी मुगाची खिचडी करून त्यांच्या घरी गेले. डब्याला चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. ही रीत तिच्याच गावाने शिकवली होती. स्वयंपाकघरात व्हर्ना एकेक भांडं धुऊन, नाव वाचून ज्याचं त्याला देत होती. मी निघाले तशी म्हणाली, "थांब, तुझं भांडं घेऊन जा."

"माझा डबा आत्ताच आणलाय, तो राहू दे."

"तो नाही, हे." तिने फळीवरून एक छोटं एनॅमलचं पातेलं काढलं. पांढरं, निळ्या काठाचं. झाकणावर पिवळी पडलेली पट्टी आणि तिच्यावर फळ्यावरच्या त्या ठसठशीत अक्षरांत माझं नाव. मी म्हटलं, हे माझं नाही. हे मी कधी पाहिलेलंही नाही.

"तुझंच आहे," व्हर्ना म्हणाली. "कॅफेत फरसबीच्या प्रत्येक पळीला, प्रत्येक पातेल्याला डुकराची चरबी. लोरेन म्हणाली, त्या पोरीला ह्यातलं काही चालायचं नाही. दर गुरुवारी सकाळी ह्या शेगडीवर तुझी फरसबी वेगळी शिजवायची. नुसतं पाणी, मीठ, बटर. मग गाडीत मांडीवर धरून कॅफेत आणायची. मला झाकणसुद्धा उघडू द्यायची नाही."

मी खुर्ची ओढली. "पण आम्ही सात महिने आलोच नाही."

"तरीही शिजवायची. दोन वाजले की दाराला कडी लावून स्वतःच ती खात बसायची. म्हणायची, पुढच्या गुरुवारी येईल."

"मला कधी सांगितलं का नाही तिने?"

व्हर्नाने हात पुसले. "तू कधी विचारलंस?" तिने हे टोचून म्हटलं नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

पुढे गिरणी बंद पडली आणि आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला आलो. ते पातेलं माझ्या ओट्यावर असतं. दर गुरुवारी मी त्यात फरसबी शिजवते, पाणी, मीठ, बटर. तिच्या हाताची चव येत नाही. जेवण झालं की पातेलं घासते. झाकण मात्र पाण्याखाली धरत नाही. ओल्या फडक्याने, नाव सोडून, कडेकडेने पुसते.