निवळलेली विहीर

लालबागच्या आमच्या चाळीमागे, बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला टेकून एक विहीर होती. वैशाखातल्या दुपारी तिच्यातून जो गारवा वर येई, त्याला शेवाळाचा, ओल्या दगडाचा आणि अगदी पुसट असा आणखी कसलासा वास असे. मी कोकणातल्या तालुक्याच्या गावी शिकून आलेली. विहीर म्हटली की माझ्या नाकाला जांभ्याचा आणि कुजत्या पोफळीच्या पानांचा वास सवयीचा. हा तिसरा वास मात्र मला परका होता. मामा म्हणत, तो रंगखात्याचा वास, भिंतीत मुरलाय.

मामा त्याच गिरणीच्या रंगखात्यात होते. गिरणी चालू असताना कापड रंगवून उरलेलं पाणी फुटक्या गटारातून झिरपत विहिरीत उतरे आणि विहीर कधी लालसर, कधी निळी, कधी वांग्यासारखी जांभळी दिसे. ते पाणी पिण्याचं कधीच नव्हतं, पण त्यावरून चाळीत एक रीत पडली होती. सकाळी विहिरीकडून कोणी वर आलं, की गॅलरीतून मालवणीत विचारायचं, "आज रंग खंयचो?" कुठला रंग, एवढाच प्रश्न, उत्तर मात्र त्याहून मोठं असे. आत खातं चालू आहे, म्हणजे आपली चूल चालू आहे. मग संप झाला आणि संपलाच नाही. विहीर हळूहळू फिकी पडत गेली आणि एका उन्हाळ्यात तिचा तळ दिसू लागला. तो प्रश्न कोणी बंद केला नाही. तो आपोआप विचारायचा राहिला. तेव्हापासून मामीच्या तोंडी एक वाक्य बसलं होतं: संपानं सगळं नेलं, पण विहीर निवळून दिली.

असल्या दिवसांत मामांनी मला आपल्या एका खोलीत ठेवून घेतलं. खिडकीखालची उजेडाची जागा माझ्या अभ्यासाला दिली, आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवी त्या खिडकीखाली झाली. पुढे परळच्या एका प्रयोगशाळेत मला संशोधनाचं काम मिळालं, तेही रंगांचंच. कापडाचे रंग पाण्यातून नाहीसे कसे करावेत, हा विषय. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तशी एक भुकटी रंगीत पाण्यात ढवळायची आणि भांडं प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या उन्हात ठेवायचं. भुकटी उजेड पिते आणि रंगाचे रेणू तोडते. टळटळीत उन्हात लाल पाणी गुलाबी, मग नुसतं पाणी झालेलं पाहिलं, तेव्हा मला देवाचा चमत्कार पाहिल्यासारखं वाटलं. आमच्या बाईंनी, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापिकांनी, शांतपणे तेच पाणी यंत्रात तपासायला लावलं. यंत्रानं काढलेल्या आलेखाच्या कागदावर रंगाचं मोठं टोक मावळलं होतं, पण त्याच्या जागी लहान लहान नवी टोकं उगवली होती. बाई म्हणाल्या, रंग जाणं निराळं आणि विष जाणं निराळं. अर्धवट मोडलेला रंग कधी कधी अख्ख्या रंगाहून वाईट.

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईनासं झालं. हंड्यांच्या रांगेत रोज भांडणं होऊ लागली, तेव्हा चाळीनं ठरवलं, विहीर उपसायची आणि तिचं पाणी प्यायचं. मामांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आमची भाची तपासून देईल. विहिरीतली बाटली मी परळला नेली, पण निकाल काय येणार याविषयी चाळीत कोणालाच शंका नव्हती. निवळशंख पाण्याला काय तपासायचं? नारळ आणला गेला. पहिला पेला मामांनी प्यायचा असंही ठरलं. रंगखात्याचा माणूस तो, मान त्याचा.

निकाल आला तो नेमका नारळ फोडायचा त्याच दुपारी. माझ्या गच्चीवरच्या भांड्यात जे दिसलं होतं, तसलंच विहिरीच्या पाण्यात होतं. तळच्या गाळात, जिथे हवा पोचत नाही तिथे, जिवाणूंनी इतकी वर्षं रंगाच्या रेणूंचे दुवे तोडले होते; रंग गेला होता, आणि बिनरंगाचे तुकडे पाण्यातच राहिले होते. मी परळहून निघाले ती जवळजवळ धावतच. तापलेल्या डांबराचा वास, गिरण्यांच्या थंड पडलेल्या चिमण्या, आणि डोक्यात एकच: ज्या घरानं मला उजेडाची जागा दिली, त्या घराला संपानं दिलेली एकुलती एक गोष्ट मी काढून घ्यायला चालले आहे. आणि पोचले नाही तर?

पोचले तेव्हा नारळ फुटला होता आणि पेला मामांच्या हातात होता. मी गर्दीतून शिरून त्यांचं मनगट धरलं.

"पिव नकात, मामा," मी म्हटलं.

मामांनी पेल्यात पाहिलं. उन्हात तो हिऱ्यासारखा चमकत होता. "रंग गेलो ना गो? मग पाण्यात रवला काय?"

"रंग मोडलो, मामा. गेलो नाय. तुकडे आसत पाण्यात."

शेजारच्या जनाक्का फणकारल्या, "दिसता ता खोटा नि नाय दिसता ता खरा! शिकल्याचो हो उपेग." कोणीतरी हसलं. मामी माझ्याकडे पाहतही नव्हती. मामांनी पेला ओठांपासून दूर नेला, क्षणभर तसाच धरला आणि न सांडता विहिरीच्या कठड्यावर ठेवला. विहिरीवर फळी पडली, आणि हंडे पुन्हा नळाच्या रांगेत लागले.

पुढचे कित्येक महिने मी त्याच विहिरीचं पाणी गच्चीवर उन्हात ठेवत होते. आता भांड्यात पाहण्यासारखं काही घडत नसे. पारदर्शक पाणी संध्याकाळीही पारदर्शकच दिसे. तुकड्यांचे तुकडे होत होते की नाही, ते यंत्राच्या कागदावर कळायचं, आणि टोकं कधी खुजी होत, कधी हट्टानं तशीच उभी राहत. गिरणी मोडली म्हणून तिच्यातली माणसं कुठे नाहीशी झाली होती? कोणी अँटॉप हिलला पहारेकरी, कोणी गिरगावात दुकानाच्या पायरीवर. दिसत नव्हती, इतकंच.

एका संध्याकाळी मी जिना चढत होते. गॅलरीत मामा कठड्याला टेकून उभे होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं आणि जुन्याच सुरात विचारलं, "काय गो, आज रंग खंयचो?"

उत्तर द्यायला माझ्याकडे रंगाचं नाव नव्हतं. "आसा अजून, मामा," मी म्हटलं, "पण कमी."

त्यांनी मान डोलावली, आणि मला आत जायला वाट करून दिली.